आंतरपीक

आमच्या परभणीबद्दल दोन म्हणी प्रसिद्ध आहेत. एक अभिमानाची : ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. दुसरी फजितीची : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. परभणीचा माणूस पाहुण्यांपुढे पहिली म्हण म्हणतो आणि पाहुणे गेल्यावर दुसरी. पहिलीत यमकाखेरीज फारसे काही नाही, असे आमच्याकडचे शहाणे लोक सांगतात. दुसरीत मात्र अख्खे तत्त्वज्ञान आहे. जमले तर उत्तमच. नाही तर आपले गाव आहे, गावात घर आहे, घरात भाकरी आहे. नशीब काढायला निघालेल्या माणसाला इतका धीर दुसऱ्या एखाद्या गावाचे नाव देत असेल, असे मला वाटत नाही.

या दोन्ही म्हणी मला अलीकडे वारंवार आठवतात त्या एका अशा माणसामुळे, की ज्याचा परभणीशी कागदोपत्री काही संबंध नाही. नंदू भेंडे हे त्यांचे नाव. ते रॉक गायक होते. रॉक म्हणजे काय, हे माझ्या पिढीच्या वाचकांना थोडक्यात सांगायचे तर, विजेवर चालणाऱ्या गिटारी, ड्रमचा संच आणि शेजाऱ्यांची तक्रार! आमच्या घरात या संगीताला ‘धांगडधिंगा’ असा एक सर्वसमावेशक शब्द आहे आणि त्यात दादरा-ठुमरी सोडून बाकी बरेच काही येते.

नंदू भेंडे ज्या घरात जन्मले ते घर मात्र धांगडधिंग्याचे नव्हते, हसण्याचे होते. वडील आत्माराम भेंडे. बबन प्रभूंचे ‘झोपी गेलेला जागा झाला’ ज्यांनी रंगभूमीवर पाहिले असेल त्यांना या नावाची ओळख करून द्यायला नको. आई डॉ. आशा भेंडे; लोकसंख्याशास्त्राच्या नामवंत अभ्यासक आणि शिवाय अभिनेत्री. म्हणजे एका हातात जनगणनेचे आकडे आणि दुसऱ्या हातात नाटकाची वही, हे दृश्य मुलाने लहानपणापासून घरातच पाहिलेले. एका माणसाने एकच काम करावे, ही समजूत त्या घरात रुजली नसावी यात नवल नाही.

हा मुलगा १९७० नंतरच्या मुंबईत इंग्रजी रॉक गाऊ लागला. ‘व्हेल्व्हेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशी त्यांच्या वाद्यवृंदांची नावे होती. गाण्याची आवड होती, आवाज दमदार होता, ऐकणारी कॉलेजची मुले होती. नव्हता तो बाजार. इंग्रजी रॉक गाणाऱ्या हिंदी माणसाची तबकडी त्या काळी विकणार कोण आणि घेणार कोण? हॉटेलात किंवा महाविद्यालयाच्या समारंभात गावे, टाळ्या घ्याव्यात, आणि घरी यावे. पेरणी झाली, कोंब वर आले, पण पाऊस पुरेना, अशातली गत.

अशा वेळी माणूस दोन गोष्टी करू शकतो. एक तर आभाळाकडे पाहत बसावे, किंवा तासांच्या मधल्या जागेत दुसरे काही पेरावे. भेंड्यांनी दुसरी गोष्ट केली. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतिकेचे नाटक मुंबईत बसवले, त्यात ते ज्यूडास झाले. येशूला दगा देणारा हा शिष्य. पण त्या संगीतिकेत सगळ्यांत जास्त तळमळ त्याच्याच गळ्यात आहे. बँडमधला गायक रंगमंचावर आला तो असा, दुसऱ्याच्या नाटकात आणि तेही खलनायकाच्या अंगरख्यात.

आता पुढचे पाऊल पाहा, आणि इथे आमच्या पहिल्या म्हणीतली जर्मनी कामाला येते. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याने ‘बेगर्स ऑपेरा’ नावाचे एक नाटक रचले. चोर, पोलीस आणि भिकारी यांचे. त्यात त्याने लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घेतल्या आणि बड्या लोकांच्या ऑपेराची यथेच्छ टिंगल केली. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिन शहरात बेर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्याचाच जर्मन अवतार केला. त्याच्यानंतर पन्नास वर्षांनी, १९७८ मध्ये, पु. ल. देशपांडे यांनी त्याचा मराठी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. जब्बार पटेल यांनी तो पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीतर्फे बसवला, आणि त्यातला रुबाबदार गुंड नायक अंकुश झाले नंदू भेंडे!

मला या नाटकाची गंमत वाटते ती अशी. त्यात नाट्यसंगीताच्या ठेक्याची गाणी आहेत, तमाशाच्या बाजाची आहेत, आणि विलायती ढंगाचीही आहेत. भास्कर चंदावरकरांसारखा सतारीत आणि पाश्चात्त्य संगीतात सारखाच रमणारा माणूस तिथे होता. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी गाणारी अभिनेत्री होती. या सगळ्यांच्या मध्ये एक मराठी मुलगा रॉकच्या घशाने मराठी शब्द गात होता. ज्या गळ्याला मुंबईच्या हॉटेलात गिऱ्हाईक नव्हते, त्याला मराठी नाटकाने जागा दिली. आणि मराठी नाटकाला तरी तो आवाज दुसरीकडे कुठे मिळणार होता? साजूक तुपातल्या गळ्यातून अंकुश उभा राहिला नसता. तो रात्रीच्या शहरातला माणूस. त्याला असाच थोडा खरखरीत, विजेच्या तारेला लावलेला आवाज हवा. देणारा आणि घेणारा दोघेही फायद्यात, असा व्यवहार कलेतच काय तो होतो.

मग १९८२ आले आणि ‘डिस्को डान्सर’ आला. बप्पी लाहिरींच्या संगीतात नंदू भेंडे यांनी ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गाणे म्हटले. या गाण्याचे पुढे परभणीत काय झाले ते मी स्वतः ऐकले आहे. ते बेंजो पार्टीने उचलले. ज्यांनी बेंजो पार्टी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : बुलबुलतरंगाला तारा आणि विजेचा कर्णा जोडायचा, त्याला गाड्यावर ठेवायचे, मागे ताशा, ढोल आणि खुळखुळे घ्यायचे, आणि सगळ्या गल्लीची झोप उडवायची. विजेची तारवाद्ये, तालवाद्यांचा कडकडाट, शेजाऱ्यांची तक्रार; वर केलेली रॉकची व्याख्या इथे तंतोतंत लागू पडते! एका गोकुळाष्टमीला शिवाजी चौकाच्या बाजूने येणाऱ्या मिरवणुकीत बेंजोवाल्याने हेच गाणे धरले होते. कृष्णाला बोलावणारे गाणे आणि दिवस कृष्णजन्माचा. औचित्याला कोठेही बाध नव्हता. नाचणाऱ्या पोरांपैकी एकालाही मूळ गायकाचे नाव ठाऊक नव्हते. बेंजोवाल्यालाही नव्हते. पण मुंबईच्या रॉकवाल्याचे सूर परभणीच्या रस्त्यावर आले होते, आणि लोक त्यावर नाचत होते. त्यांच्या इंग्रजी गाण्यांना कित्येक वर्षांत जो पल्ला गाठता आला नाही, तो वाटेत केलेल्या एका कामाने गाठला.

पुढे त्यांनी छोट्या पडद्यावरच्या मालिकांना संगीत दिले, नव्या मुलांबरोबर कार्यक्रम केले. ११ एप्रिल २०१४ रोजी ते गेले. त्यांच्या नावामागे ‘रॉक गायक’ हेच विशेषण लागले. पण माणसांना आठवतात ते ज्यूडास, अंकुश आणि कृष्णाचे गाणे. म्हणजे सगळे ‘इतर’ काम.

कोणी म्हणेल, ज्याचे मुख्य काम चालले नाही त्याला इतर कामे करावीच लागणार; त्यात कौतुक कसले? म्हणून दुसरे टोक पाहू. ज्याचे मुख्य पीक इतके आले की कोठारे पुरेनात, असा एक रॉकवाला घेऊ : बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन. याला काय कमी होते? तरी हा गृहस्थ १९६६ च्या सप्टेंबरात रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला. आणि १९६८ च्या जानेवारीत पुन्हा आला तो एका इंग्रजी चित्रपटाचे संगीत करायला. मुंबईच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने आपल्याकडचे वादक जमवले. त्या ‘वंडरवॉल म्युझिक’ तबकडीवरची नावे वाचली की घरच्या माणसांची यादी वाचल्यासारखे वाटते : संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खान, बासरीवर एस. आर. केंकरे, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाड. बीटल्समधल्या कोणाही एकाची ती पहिली स्वतंत्र तबकडी. आणि त्यांच्या ‘अॅपल’ कंपनीची पहिली मोठी तबकडीही तीच. त्याच मुक्कामात ध्वनिमुद्रित केलेल्या वाद्यसंगीतावर पुढे ‘द इनर लाइट’ हे गाणे झाले. बीटल्सच्या लहान तबकडीवर आलेले हॅरिसनचे ते पहिले गाणे. पाठच्या बाजूला का होईना, पण आले.

पुढचे तर प्रसिद्धच आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी रविशंकरांच्या सांगण्यावरून त्याने न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी मोठा कार्यक्रम केला. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खान आणि अल्लारखा वाद्ये जुळवून घेत होते, तर श्रोत्यांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या. त्यावर रविशंकर म्हणाले की जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादनही आवडेल अशी आशा आहे! १९७४ मध्ये रविशंकरांच्या वाद्यवृंदाला त्याने युरोप-अमेरिकेत फिरवले. पुढे चित्रपटाची निर्मिती करण्यासाठी राहते घर गहाण टाकले. आणि १९८८ मध्ये तर मौजच झाली. आपल्या एका तबकडीच्या पाठच्या बाजूला घालायला त्याला एक फालतूसे गाणे हवे होते. त्यासाठी जेफ लिन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि बॉब डिलन असे मित्र जमले. गाणे इतके चांगले झाले, की पाठीमागे टाकणे जिवावर आले. मग पाचही जणांनी एका खोट्या आडनावाचे भाऊ होऊन ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ नावाने अख्खी तबकडीच काढली. पाचही नावे बाजारात खणखणीत चालणारी. ती बाजूला ठेवून त्यांनी टोपणनावे घेतली, आणि काम मजेत झाले.

या दोघांना एका मापात मोजता येणार नाही, हे मला मान्य आहे. हॅरिसनने घर गहाण टाकले, तेव्हा त्याला टाकायला घर होते. आपल्याकडच्या कलावंताने हात दुसरीकडे घालायचा तो बहुधा महिनाअखेर बघून. त्यामुळे हॅरिसनच्या उद्योगांना ‘प्रयोग’ म्हणतात आणि आपल्या मुलांच्या उद्योगांना ‘उपद्व्याप’. शब्दांतला हा फरक खरे तर बँकेतल्या शिलकीचा फरक आहे.

हा ‘उपद्व्याप’ शब्द मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्याच घरात ऐकला, आणि त्यापायीच हे सारे पुराण सुचले. माझा पुतण्या इथल्या कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. तो लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवतो, एकादशीला गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज धरतो, आणि उरलेल्या वेळात दोन मित्रांना घेऊन एका खोलीत, खिडक्यांना गोधड्या लावून, गाणी ध्वनिमुद्रित करतो. ऑक्टापॅड त्याने स्वतःच्या कमाईतून हप्त्याने घेतलेला. माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे असे, की शेवटचे वर्ष आहे, तो डबा विकून टाकावा, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा. मी जन्मभर शाळेत शिकवले असल्यामुळे उपदेशाचे काम घरात माझ्याकडे असते.

“दादा, तुम्हीच सांगा त्याला,” भाऊ म्हणाला. “धड एक काही धरत नाही. ढोलकी म्हणावं तर पखवाज, पखवाज म्हणावं तर तो विजेचा डबा. एकच काहीतरी कर म्हणावं, पण नीट कर.”

मी काही बोलायच्या आत पुतण्याच म्हणाला, “काका, आपल्या शेतात आबांनी या वर्षी काय पेरलंय?”

“चार तास सोयाबीन आणि दोन तास तूर,” मी म्हणालो.

“मग आबांना का नाही म्हणत, एकच काहीतरी पेरा म्हणून?”

माझा भाऊ, म्हणजे हे ‘आबा’, यावर गप्प बसला. कारण हा प्रश्न त्याच्या बांधावरचा होता.

ज्या वाचकांचा शेतीशी संबंध फक्त भाजीच्या पिशवीपुरता आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करायला हवा. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत हाती येते. तूर पाच-सहा महिने उभी राहते. पहिले दोन महिने ती अगदी संथ वाढते, त्यामुळे सोयाबीनच्या वाट्याचा उजेड खात नाही. सोयाबीन निघाले की तिला सगळी मोकळी जागा मिळते. तिची मुळे खोल जातात. वरची माती सुकली तरी खालची ओल तिला पुरते. दोघांची भूक एका वेळी नसते, हे त्यातले मर्म. आणि परतीच्या पावसाने ऐन काढणीत सोयाबीन भिजवले, असे आमच्याकडे पुष्कळ वेळा होते, तर त्या वर्षी घर चालते ते तुरीवर. मुख्य पीक कोणते आणि आंतरपीक कोणते, हे पेरताना आपण म्हणतो. खरा निकाल काढणीनंतर लागतो.

पण भावाचे म्हणणेही मला खोडून काढता येईना. आंतरपीक म्हणजे हाताला येईल ते मुठीने फेकणे नव्हे. दोन्ही पिकांना एकाच पंधरवड्यात पाणी लागत असेल, तर दोन्ही जातात. लग्नसराई एप्रिल-मेची आणि परीक्षाही त्याच दिवसांतली. म्हणजे भूक एका वेळी लागली! हे मात्र पुतण्याला पटले. एक तासभर हिशेब झाला, वहिनींनी दोनदा चहा केला, आणि शेवटी ठरले ते असे : येत्या उन्हाळ्यातल्या ऑर्केस्ट्राच्या तारखा घ्यायच्या नाहीत, त्याचे हप्ते भाऊ भरणार, एकादशीचा पखवाज चालू राहणार, आणि ऑक्टापॅड विकायचा नाही. गोधड्यांच्या खोलीबद्दल कोणी काही बोलले नाही. न बोलणे ही आमच्या घरात परवानगी समजली जाते.

कराराचे पुढे काय होईल, ते उन्हाळ्यात दिसेल. त्याच्या गाण्याला गिऱ्हाईक मिळेल, अशी हमी मी भावाला दिलेली नाही. नंदू भेंड्यांसारख्या गळ्यालाही ती कोणी दिली नव्हती. मनात इंग्रजी रॉक, आणि लोकांत नाव बप्पी लाहिरींच्या एका गाण्याने. यात थोडे दुःख असणारच, आणि ते पुसून टाकून नुसते ‘किती छान, किती बहुरंगी’ म्हणणे बरे नव्हे. परंतु ज्यूडास नाकारला असता तर अंकुश मिळाला असता का, आणि दोन्ही नाकारून ते नुसते आभाळाकडे पाहत बसले असते तर आज त्यांच्यावर लिहायला मी काय घेऊन बसलो असतो?

शिवाय परभणीच्या माणसाने यावर फार वाद घालू नये. कारण आमच्या जिल्ह्यातच याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. नामदेवांच्या घरचे दळणकांडण, झाडलोट, शेण्या-पाणी हे त्यांचे मुख्य काम. अभंग ते काम करता करता व्हायचे. आपल्या नावाआधी त्या नामदेवांचे नाव लावीत, आणि त्यांचे अभंगही नामदेवांच्या गाथेच्या सोबतीने टिकले. त्या काळी पंढरपुरात एखाद्या शहाण्याने त्यांना ‘बाई, एक काहीतरी नीट धर’ असे सांगितले असते, तर ते बहुधा दळणाच्या बाजूनेच सांगितले असते. आज सातशे वर्षांनी एकादशीला आमच्या गल्लीत जनाबाईंचा अभंग सुरू होतो, टाळकरी पाऊल उचलतात, आणि पखवाजावर ऑक्टापॅडवाला मुलगा बसलेला असतो. मधूनच त्याच्या हातातून एखादा तुकडा असा निघतो, की तो पखवाजाच्या पुस्तकातला नसतो. म्हातारे टाळकरी एकदा त्याच्याकडे पाहतात, आणि पुढच्या आवर्तनाला त्याच्यासाठी जागा सोडतात.

या दिवाळीला सोयाबीन घरात आले आहे. थोडे भिजलेले, पण आले. शेतातली तूर अजून उभी आहे. तिला पिवळी फुले लागली आहेत, आणि ती घरी यायला आणखी दोन-अडीच महिने आहेत. काल संध्याकाळी भाऊ बांधावर उभा राहून पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहत होता.